अंध गुप्तहेराचा पोशाख कोण निवडतो?

दूरचित्रवाणी मालिकांच्या चाहत्यांमध्ये चालणारी चर्चा साहित्याभ्यासकांच्या विचारविश्वात सहसा प्रवेश करीत नाही. नटाचे केस, नायिकेच्या गळ्यातील साखळी, नायकाचा टाय अशा गोष्टींवर तासन् तास खर्च करणारा हा वर्ग गंभीर समीक्षेच्या लेखी रिकामटेकडाच ठरतो. तथापि अशा चर्चेतून कधीकधी एखादा प्रश्न असा निघतो, की जो समीक्षेने आधीच विचारावयास हवा होता आणि विचारला नाही. अमेरिकेत २००५ साली एबीसी वाहिनीवर दाखविल्या गेलेल्या ‘ब्लाइंड जस्टिस’ या मालिकेच्या चाहत्यांना तिच्या नायकाच्या कपड्यांविषयी जे कुतूहल वाटले, ते या जातीचे आहे. नायक जिम डनबार हा न्यूयॉर्कच्या पोलीस दलातील गुप्तहेर. बँकेवरील दरोड्याच्या वेळी उडालेल्या चकमकीत गोळी लागून त्याची दृष्टी गेली आहे. खात्याशी न्यायालयात झगडून तो पुन्हा कामावर रुजू होतो, आणि तेथून कथा सुरू होते. तो सूट घालतो, टाय लावतो आणि हँक नावाच्या कुत्र्याच्या सोबतीने कचेरीत येतो. हा पोशाख चाहत्यांना आवडला, त्याची वाखाणणी झाली. आणि मग त्या वाखाणणीच्या पोटातूनच एक शंका बाहेर पडली. हे सारे निवडतो कोण? शर्टाला शोभणारा टाय त्याच्या हाती नेमका कसा येतो? की रोज सकाळी बायको कपडे काढून ठेवते?

वरवर पाहता ही शंका बालिश वाटेल. मालिकेच्या कर्त्यांना आणि तिच्याविषयी लिहिणाऱ्यांना मुख्य पेच वाटला तो पिस्तुलाचा : ज्याला दिसत नाही, त्याने शस्त्र बाळगावे काय? हा प्रश्न नाट्यमय आहे यात संशय नाही. डनबारचे सहकारी त्याच्याकडे ज्या अविश्वासाने पाहतात, त्याच्या मुळाशी तोच आहे, आणि स्टीव्हन बोचको यांच्यासारख्या पोलीसकथांच्या मुरलेल्या निर्मात्याने त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. परंतु पोलिसाच्या आयुष्यात पिस्तूल झाडण्याचा प्रसंग क्वचित येतो. शर्टाची बटणे लावण्याचा रोज येतो. अंधत्व म्हणजे काय, याची खरी उकल पहिल्या प्रश्नातून होत नाही, दुसऱ्यातून होते. तेरा भागांनंतर त्याच वर्षीच्या जूनमध्ये मालिका संपली. पिस्तुलाचा वाद तिच्याबरोबर संपला. कपड्यांचे कुतूहल मात्र चाहत्यांपाशी उरले.

या कुतूहलाचे महत्त्व कळण्यासाठी रहस्यकथेतील वस्त्रांचे स्थान ध्यानात घेतले पाहिजे. गुप्तहेर हा मुळात दुसऱ्याचे कपडे वाचणारा माणूस आहे. शेरलॉक होम्सच्या १८९२ सालच्या एका कथेत तो केवळ एका जुन्या टोपीवरून तिच्या अपरिचित मालकाचे चरित्र सांगतो. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कथेत भेटीस आलेल्या स्त्रीच्या बाहीवरील चिखलाच्या शिंतोड्यांवरून ती कोणत्या गाडीत, कोठे बसून आली हे ओळखतो. मराठीत बाबुराव अर्नाळकरांच्या काळापहाड, झुंजार यांसारख्या नायकांच्या कथांवर ज्या पिढ्या पोसल्या, त्यांना वेषांतर हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नसे. कपडे ओळख देतात आणि म्हणूनच ते ओळख लपवूही शकतात, या एका गृहीतकावर हा सारा वाङ्मयप्रकार उभा आहे. अंध गुप्तहेर या गृहीतकाच्या मुळावरच घाव घालतो. त्याला टोपी दिसत नाही, शिंतोडे दिसत नाहीत. वाचणारा म्हणून त्याचे जे आसन होते ते सुटते, आणि त्याच क्षणी तो स्वतः इतरांच्या वाचनाचा विषय होतो. सारे त्याच्याकडे पाहत आहेत. तो कोणाकडे पाहत नाही.

या उलथापालथीतून एक मार्ग काढला तो इंग्रज लेखक अर्नेस्ट ब्रॅमा याने. त्याच्या मॅक्स कॅराडॉस या अंध गुप्तहेराचा पहिला कथासंग्रह १९१४ साली प्रसिद्ध झाला. कॅराडॉस धनिक आहे, जुन्या नाण्यांचा दर्दी आहे, आणि वर्तमानपत्रातील ठळक मथळे तो बोटांनी वाचू शकतो. त्याच्या एका कथेत समोरच्या माणसाची मिशी खोटी आहे हे तो ओळखतो, कारण ती चिकटविण्यासाठी लावलेल्या डिंकाचा वास घामेजलेल्या कातडीमुळे त्याच्यापर्यंत पोहोचतो. डोळसांना फसविण्यासाठी केलेले वेषांतर अंधापुढे उघडे पडते, ही कल्पना चतुर आहे. परंतु ब्रॅमाने एक सोयही करून ठेवली आहे. कॅराडॉसपाशी पार्किन्सन नावाचा सेवक आहे, बारीकसारीक तपशील टिपण्यात तरबेज. दुसऱ्याचे बूट, हातमोजे, कोटाची शिवण हे सारे तो मालकाला जसेच्या तसे सांगू शकतो. असा सेवक घरात असल्यावर कॅराडॉसचा स्वतःचा कोट कोण निवडतो, हे विचारण्याचे वाचकाला कारण उरत नाही. श्रीमंत इंग्रजाचे कपडे सेवकाने काढून ठेवायचे, हा त्या समाजाचा रिवाजच होता; मालक डोळस असो वा अंध. वर्गव्यवस्थेने प्रश्न गिळून टाकला.

डनबारच्या बाबतीत तो पुन्हा वर आला याचे कारण तो नोकरदार आहे. त्यातही तो साध्या वेशातील पोलीस आहे, आणि ‘साधा वेश’ हा शब्दप्रयोग येथे नीट पाहण्यासारखा आहे. गणवेशातील शिपायाला सकाळी निवड करावी लागत नाही. खात्याने ती केलेली असते. गुप्तहेराच्या पदावर चढताना पोलिसाला ज्या गोष्टी मिळतात, त्यांत कपडे निवडण्याची मोकळीक ही एक असते. डनबारने खात्याशी लढून केवळ नोकरी परत मिळविली नाही. रोज सकाळी कपाटासमोर उभे राहून निर्णय घेण्याचे ते ओझेही परत मिळविले. मालिकेच्या कर्त्यांना हे जाणवले असेल वा नसेल, चाहत्यांना जाणवले.

मग तो एवढा नीटनेटका का? कोणी म्हणेल, नट देखणा आहे आणि मालिका खपावयाची आहे. ते खरेच आहे. पण तेवढेच नाही. येथे १९७१ सालचा एक योगायोग विचारात घेण्याजोगा आहे. त्या वर्षी १५ सप्टेंबरला ‘कोलंबो’ या मालिकेचा नियमित पहिला भाग अमेरिकेत एका वाहिनीवर दाखविला गेला, आणि दुसऱ्याच दिवशी, १६ सप्टेंबरला, दुसऱ्या वाहिनीवर ‘लाँगस्ट्रीट’ ही मालिका सुरू झाली. लाँगस्ट्रीट हा न्यू ऑर्लीन्समधील विमा कंपनीचा अन्वेषक. स्फोटात त्याची पत्नी ठार झाली आहे आणि त्याचे डोळे गेले आहेत. ही कल्पना बेनर्ड केंड्रिक या लेखकाच्या कादंबऱ्यांवर आधारलेली होती. केंड्रिकचा अंध नायक डंकन मॅक्लेन १९३७ सालच्या पहिल्या कादंबरीपासून वाचकांना परिचित होता, आणि पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेला सैनिक म्हणून त्याची घडण झाली होती. जेम्स फ्रॅन्सिस्कसने उभा केलेला लाँगस्ट्रीट रुबाबदार आहे, अंगाने ताठ आहे, त्याच्यासोबत पॅक्स नावाचा पांढरा कुत्रा आहे. पहिल्या भागात त्याला युद्धकला शिकवावयास ब्रूस ली येतो. हा भाग आज मुख्यतः त्यासाठीच आठवला जातो. आणि कोलंबो? चुरगळलेला रेनकोट, विस्कटलेले केस, खिसे चाचपण्याची सवय. तो रेनकोट पीटर फॉक या नटाने स्वतःच्या घरातून आणला होता. फॉकचा एक डोळा लहानपणीच आजारामुळे काढावा लागला होता आणि तेथे कृत्रिम डोळा होता, हेही सर्वश्रुत आहे.

एका दिवसाच्या अंतराने दोन गुप्तहेर पडद्यावर आले. ज्याला दिसते तो गबाळा आणि ज्याला दिसत नाही तो टापटिपीचा. कोलंबोचा गबाळेपणा हे त्याचे शस्त्र आहे. गुन्हेगार त्याला मूर्ख समजतो, बेसावध होतो, आणि सापडतो. प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असते की हा माणूस मूर्ख नाही. हाच चुरगळलेला रेनकोट लाँगस्ट्रीटच्या वा डनबारच्या अंगावर घातला तर काय होईल? तो विनोद राहणार नाही, चातुर्य राहणार नाही, पाहणारा हळहळेल. ‘बिचाऱ्याला दिसत नाही’ एवढाच त्याचा अर्थ लागेल. डोळस माणसाच्या शर्टावरील चहाचा डाग त्याचा स्वभाव सांगतो, अंध माणसाच्या शर्टावरील तोच डाग त्याचे अंधत्व सांगतो. अव्यवस्थित राहण्याचा हक्क हाही एक हक्क आहे, आणि तो ज्याच्या लायकीविषयी कोणाला शंका नसते त्यालाच मिळतो. डनबारचा कडक इस्त्रीचा सूट म्हणजे त्याने सहकाऱ्यांच्या नजरेला रोज भरलेली खंडणी आहे. चाहते ज्याला ऐट म्हणून दाद देतात, ते बऱ्याच अंशी एक प्रकारचे जामीनपत्र आहे. हे कळल्यावाचून त्या पोशाखाची वाखाणणी करणे म्हणजे कैद्याच्या शिस्तीचे कौतुक करण्यासारखे होईल.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. निवडतो कोण? व्यवहारात याचे उत्तर अजिबात गूढ नाही. अंध माणसे आपले कपडे स्वतः निवडतात, आणि त्यासाठी अनेक साध्या युक्त्या योजतात. कपड्याच्या आतल्या बाजूस ब्रेलमधील खुणेची पट्टी शिवून घेतली जाते. ठरावीक ठिकाणी सेफ्टी पिन लावली जाते वा दोऱ्याच्या गाठी मारल्या जातात, निळ्यासाठी एक, राखाडीसाठी दोन. शर्टाशी जुळणारा टाय त्याच हँगरवर अडकविला जातो. मोज्यांचे जोड धुण्यापूर्वीच एकत्र टाचले जातात. पुष्कळांचे काम केवळ कापडाच्या पोतावर, कॉलरच्या आकारावर, बटणांच्या संख्येवर भागते. अलीकडे रंग बोलून दाखविणारी लहान यंत्रे आली आहेत, आणि मोबाईल फोनही ते काम करतो. या साऱ्यात डोळ्याची जागा स्मरणाने आणि शिस्तीने घेतलेली असते. कपाटातील क्रम दुसऱ्या कोणी, सद्हेतूने का होईना, बदलला तर मात्र सगळा हिशेब कोसळतो. घरातील डोळस माणसाने केलेली आवराआवर हा अंध माणसाच्या कपाटाला असलेला सर्वांत मोठा धोका आहे.

डनबार आणि लाँगस्ट्रीट दोघेही प्रौढ वयात अंध झाले आहेत, ही गोष्टही येथे महत्त्वाची ठरते. जन्मांध माणसाला निळा व राखाडी यांचा मेळ हे लोकांकडून ऐकलेले ज्ञान आहे, एखाद्या परक्या देशातील शिष्टाचारासारखे. प्रौढपणी अंध झालेल्याला ते आठवते. त्याच्या कपाटाचे तर्काने दोन भाग पडतात : डोळे असताना पाहिलेले कपडे आणि नंतर विकत घेतलेले, कधीच न पाहिलेले. पहिल्या भागातील कोट अंगावर चढविताना तो स्वतःला, म्हणजे त्या कोटातील पूर्वीच्या स्वतःला, पाहू शकतो. दुसऱ्या भागातील कोटाविषयी त्याला विक्रेत्याच्या, पत्नीच्या, मित्राच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. वर्षे जातात तसा पहिला भाग झिजत जातो आणि दुसरा वाढत जातो. मालिकेला एवढ्या खोलात शिरावयास अवसर मिळाला नाही. कादंबरीकाराला मात्र या एका कपाटात एक संपूर्ण कादंबरी सापडू शकेल.

डोळ्यावाचून वस्त्र ही कल्पना भारतीय वाचकाला तर मुळीच अपरिचित वाटू नये. नऊवारी नेसताना निऱ्या बोटांवर मोजल्या जातात. कोणती बाई त्या डोळ्यांनी मोजते? धोतराचा कासोटा पाठीमागे खोवला जातो, जेथे कोणाचीच दृष्टी पोहोचत नाही. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक ठाणाचे टोक अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चोळून पाहते आणि मगच भाव विचारते. वस्त्र हे प्रथम स्पर्शाचे आहे आणि मागाहून दर्शनाचे, हे ज्ञान आपल्या घराघरांत होते. ‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण मराठी माणूसही सर्रास वापरतो. तिच्यातील नूर हा पाहणाऱ्यासाठी आहे. घालणाऱ्यासाठी कापडाला जे असते त्याला म्हणीत शब्द नाही, पण खरखरीत मांजरपाट आणि धुऊन मऊ झालेले जुने लुगडे यांतील भेद कळावयास डोळ्यांची गरज कोणालाच पडलेली नाही.

असे असता चाहत्यांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर ‘बायको’ हेच का सुचावे? डनबारची पत्नी क्रिस्टी मालिकेत आहे, त्यामुळे तर्क अस्वाभाविक नाही. गंमत अशी की असंख्य डोळस नवऱ्यांचे कपडे त्यांच्या बायका निवडतात आणि त्याबद्दल कोणाला काही विचारावेसे वाटत नाही. तेथे ती प्रेमाची वा आळसाची बाब असते. अंध नवऱ्याच्या बाबतीत तीच गोष्ट अपात्रतेचा पुरावा होते. मराठीतील ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ या म्हणीत अंध माणसाच्या श्रमाचे फळ दुसरेच कोणी नेते. चाहत्यांच्या तर्कात उलट प्रकार घडतो : अंध माणसाच्या श्रमाचे श्रेय दुसऱ्याला दिले जाते. दळले त्याने, आणि पीठ चांगले निघाले म्हणून शाबासकी बायकोला. (त्या म्हणीतील कुत्र्याला न्यूयॉर्कमध्ये बढती मिळून तो वाटाड्या झाला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.)

तरीही चाहत्यांना दोष देण्यापूर्वी थांबावयास हवे, कारण एका अर्थाने त्यांचा तर्क अचूक आहे. डनबारचे कपडे खरोखरच डोळसांनी निवडले होते. वेशभूषाकार डोळस, रॉन एल्डर्ड हा नट डोळस, दिग्दर्शक डोळस, आणि पाहणारे बहुसंख्य डोळस. एका अंध माणसाच्या देहावर चाललेला हा संपूर्ण व्यवहार अंध माणसावाचून पार पडला. जे अंध लोक अशी मालिका ऐकत असतील, त्यांना त्या टायचा रंग कोणी सांगितला असेल काय? दृश्याचे वर्णन निवेदनातून ऐकविण्याची सक्ती अमेरिकेतील शासकीय आयोगाने २००० साली केली होती. २००२ साली न्यायालयाने ती रद्द ठरविली, आणि नवा कायदा होण्यास २०१० साल उजाडावे लागले. म्हणजे २००५ मध्ये असे वर्णन देणे कोणावर बंधनकारक नव्हते. वर्णन दिले तरी संवादांच्या मधल्या दोन-तीन सेकंदांत निवेदकाला निवड करावी लागते. दार उघडले हे सांगावयाचे की टाय निळा होता हे? कपडे बहुधा गळतात. अंध नायकाच्या पोशाखाविषयी अंध प्रेक्षकालाच काही कळू नये, यातला विपर्यास उघड आहे.

ज्या कारणासाठी हा विषय भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकांपुढे ठेवण्याजोगा वाटतो, ते कारण येथून सुरू होते. भारतीय परंपरेतील अंध पात्रांचा पोशाख कोण निवडतो, हे आपल्या समीक्षेने कधी विचारले आहे काय? सूरदासाचे चित्र सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे : मिटलेले डोळे, कपाळी तिलक, हाती वाद्य. हे चित्र इतके रूढ झाले की हिंदी भाषकांत कोणत्याही अंध पुरुषास सूरदास म्हणण्याचा प्रघात पडला. व्यक्तीला नाव मिळाले तेही वेशासकट. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, पांगळा, बहिरा, मुका ही सोंगे येतात. सोंग हा शब्दच सांगतो की तेथे अंधत्व हे अंगावर चढविण्याचे वस्त्र आहे. त्यातून अध्यात्म सांगावयाचे आहे, आंधळ्याविषयी काही सांगावयाचे नाही. हिंदी चित्रपटाने या सोंगाला काळा चष्मा आणि काठी दिली. श्रीराम राघवन यांच्या २०१८ सालच्या ‘अंधाधुन’मध्ये पुण्यात राहणारा एक डोळस पियानोवादक हेच सोंग घेतो, आणि शहर ते बिनतक्रार स्वीकारते; कारण शहराने अंध माणूस कधी पाहिलेलाच नाही, फक्त चष्मा आणि काठी पाहिली आहे. तो चित्रपट रहस्यपट म्हणून गाजला. अंधत्व हा एक गणवेश आहे या समजुतीवरील टीका म्हणून त्याचा विचार व्हावयास हवा होता, तो फारसा झाला नाही.

याला सन्माननीय अपवाद सई परांजपे यांच्या ‘स्पर्श’चा. १९८० सालचा हा चित्रपट दिल्लीतील अंधशाळेत घडतो, आणि नसीरुद्दीन शाह यांनी रंगविलेला मुख्याध्यापक अनिरुद्ध परमार हा सोंग या कल्पनेच्या पूर्णपणे बाहेर उभा असलेला माणूस आहे. त्याला कीव नको आहे. अनाहूत मदतीचा त्याला संताप येतो. चित्रपटाची सारी नैतिक ओढाताण मदत आणि अधिकार यांच्यामधल्या सीमारेषेवर चालते, म्हणजे नेमकी तेथे, जेथे चाहत्यांचा कपाटाविषयीचा प्रश्न उभा आहे. अनिरुद्धला ज्या गोष्टीचा राग येतो, तिचे नाव ‘कपडे काढून ठेवणे’ असे सहज देता येईल. भारतीय चित्रपटात अंध माणसाला स्वतःचा रागीट, अन्यायी, चुकणारा स्वभाव असू शकतो हे प्रथम इतक्या स्पष्टपणे दाखविण्याचे श्रेय या मराठी लेखिका-दिग्दर्शिकेला दिले पाहिजे.

दुसरे उदाहरण लेखकाचे आहे. वेद मेहता यांची दृष्टी चौथ्या वर्षाच्या आत आजाराने गेली. लाहोरच्या घरापासून दूर, मुंबईच्या दादर येथील अंधशाळेत त्यांना लहान वयात पाठविण्यात आले. ती वर्षे त्यांनी १९८२ सालच्या ‘वेदी’ या पुस्तकात लिहिली. पुढे अमेरिकेत ते इंग्रजी गद्याचे नामांकित लेखक झाले, आणि २०२१ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या लेखनातील एका वैशिष्ट्याने वाचक गोंधळत असत : माणसांचे चेहरे, रंग, कपडे यांची वर्णने ते एखाद्या डोळस लेखकासारखी करीत. हे यांना कोणी सांगितले, अशी शंका अनेकांनी बोलून दाखविली. डनबारच्या टायविषयीची शंका आणि ही शंका एकच आहे. डोळस कादंबरीकार मोगल दरबारातील पोशाखाचे वर्णन करतो, तेव्हा तो दरबार त्याने पाहिला होता काय असे कोणी विचारत नाही. ग्रंथ, चित्रे, ऐकीव माहिती यांतून वर्णन सिद्ध होते हे सर्वांना मान्य असते. अंध लेखकाला मात्र त्याच साधनांचा हिशेब द्यावा लागतो. भाषेतील रंगवाचक शब्द ही डोळसांची खासगी मालमत्ता आहे आणि अंधाने ते वापरले तर ती उसनवारी, अशी ही समजूत आहे. मेहतांनी ती मानली नाही. त्यांच्या गद्याचे मूल्यमापन या नकाराला बाजूला ठेवून होऊ शकत नाही, आणि अनेकदा ते तसेच झाले आहे.

अभ्यासाची एक दिशा यातून सुचते. अंध पात्र जेथे येईल तेथे त्याच्या अंगावर काय आहे आणि त्याविषयी त्या पात्राला काय ठाऊक आहे, हे दोन्ही तपासावे. पुष्कळ ठिकाणी असे आढळेल की लेखकाने वाचकाला पात्राचे फाटके धोतर दाखविले आहे, पण ते फाटले आहे हे पात्राच्या बोटांना कळले आहे की नाही याचा विचारच केलेला नाही. वाचकाची कणव मिळविण्यासाठी पात्राच्या पाठीमागे केलेली ही खूण आहे.

महाभारताकडे या दृष्टीने पाहिले असता काही वेगळेच हाती लागते. वस्त्र आणि अंधत्व यांचा भारतीय वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध संबंध गांधारीच्या डोळ्यांवरील पट्टीचा आहे, आणि ती पट्टी तिने स्वतः निवडलेली आहे. त्या पट्टीच्या फटीतून युधिष्ठिराच्या पायांची बोटे तिला दिसली आणि त्याची नखे विरूप झाली, असे स्त्रीपर्व सांगते. धृतराष्ट्राची गोष्ट निराळी. संपूर्ण युद्ध त्याला संजयाने वर्णन करून सांगितले आहे : ध्वज, शंख, कवचे, घोड्यांचे रंग. म्हणजे या वाङ्मयातील सर्वांत विस्तृत दृश्यवर्णनाचा पहिला श्रोता अंध आहे, आणि वेद मेहतांच्या वाचकांना पडलेली शंका व्यासांना पडलेली नाही. हा राजा स्वतः काय नेसत असे याकडे मात्र वाचकाचे लक्ष कधी जात नाही. ते जाते आश्रमवासिकपर्वात. पुत्र गेले, राज्य गेले, भीमाचे टोमणे ऐकून झाले, आणि म्हाताऱ्याने वनात जाण्याचा निश्चय केला. तेव्हा त्याने वल्कले आणि मृगचर्म परिधान केले, असे व्यास सांगतात. हस्तिनापूरचे लोक त्याला त्या वेशात पाहून रडले. रेशमाच्या जागी झाडाची साल अंगाला लागणे म्हणजे काय, हे त्या गर्दीत त्याला आणि त्याच्याबरोबर निघालेल्यांनाच ठाऊक होते. त्याचा एक हात गांधारीच्या खांद्यावर होता आणि गांधारीचा कुंतीच्या.